दारावरचं नाव

आमच्या ट्रकच्या दोन्ही दारांवर माझ्या आजोबांचं नाव आहे. निळ्यावर पांढरं, लांबूनही वाचता येईल असं: सागिनबेक ट्रान्सपोर्ट. बाबांनी ट्रक घेतला तेव्हा पहिला फोटो आजोबांना पाठवला. त्यांनी तो मोठा करून घेतला आणि घोड्यांच्या शर्यतीतल्या बक्षिसांशेजारी टांगला. आजोबा किर्गिझस्तानात, आक-ताल गावात राहतात. आम्ही शिकागोच्या बाजूला. पण त्यांचं नाव कधी नेब्रास्कात तर कधी ओहायोत फिरत असतं, आणि ते गावात भेटेल त्याला सांगतात, "काल मी डेन्व्हरला होतो."

तेव्हा ट्रक बाबा चालवायचे. आई नुसती सोबतीला जायची, मग तिनेही लायसन काढलं आणि दोघं आळीपाळीने चालवायला लागले. कागद, फोन, पोलीस, सगळं बोलणं बाबांकडे आणि स्टिअरिंग जास्त करून आईकडे. यंदा उन्हाळ्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नवीन वर्षापर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. म्हणजे ड्रायव्हर उरली एकटी आई.

आणि नेमकं तेव्हाच इंग्रजीचं सुरू झालं. नियम तसा जुनाच होता, ट्रकवाल्याला इंग्रजी बोलता आलं पाहिजे, पाट्या वाचता आल्या पाहिजेत. पण आता रस्त्यावरच्या तपासणीत खरोखर विचारायला लागले. उत्तर आलं नाही की गाडी जागेवर उभी आणि ड्रायव्हर खाली. फोनवरचं भाषांतर चालत नाही, शेजारी बसलेल्याने सांगितलेलंही चालत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे जिरगाल बाइके, म्हणजे जिरगालदादा, असेच खाली उतरले. किती हिवाळे बर्फात गाडी चालवलेला माणूस, कधी आरसासुद्धा घासला नाही, आणि आता गोदामात सोफ्यांना प्लॅस्टिक गुंडाळतो. जिन्यात भेटले की म्हणतात, "सोफे काही विचारत नाहीत, तेवढं एक बरं आहे."

आईला सोफे गुंडाळायचे नव्हते. तिला गाडी चालवायची होती. म्हणून शिकवणी माझ्याकडे आली.

सप्टेंबरात मी शाळेच्या वादविवादात पहिली आले होते. त्याआधी वर्गात बोट वर करायचं म्हटलं तरी माझे कान लाल व्हायचे. आता मला वाटत होतं, मी दगडालासुद्धा इंग्रजी शिकवीन. मी बाबांची पोलिसी दिसणारी टोपी घातली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहिले आणि खिडकीवर टकटक केल्यासारखं आईच्या चहाच्या वाटीवर टकटक केलं.

"कुठून निघालात?"

"शिकागो."

"कुठे चाललात?"

"डेन्व्हर."

"गाडीत काय आहे?"

"दही. थंड ठेवायचं."

"ही पाटी काय सांगते?"

"पूल खाली. मी उंच. मी नाही जात."

"वा! नाव काय?"

"अनारकूल."

"पूर्ण नाव?"

आई उठली आणि चहा गाळायला गेली.

"बरं, कंपनीचं नाव?"

आईने ओव्हन उघडून आत पाहिलं. ओव्हनमध्ये काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. बाकी सगळी उत्तरं पोपटासारखी, आणि या दोन प्रश्नांना एकदा कपडे वाळत घालायचे होते, एकदा बाबांच्या गुडघ्यावरचा बर्फ बदलायचा होता. मी वैतागले. "आई, पाचवीतली मुलं सांगतात हे! तुझं स्वतःचं आडनाव आहे!"

सोफ्यावर पाय वर करून पडलेले बाबा खदखदा हसायला लागले. "पेरिझात, अगं तुझी आई विसरत नाहीये. पळतेय."

"कशाला पळेल?"

"सासऱ्यांचं नाव घेईल का ती?"

मी टोपी काढून खुर्चीत बसले.

आमच्याकडे सून सासरच्या थोरल्यांचं नाव तोंडात आणत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आई आजोबांना समोर मामंजी म्हणते आणि मागे 'आमचे थोरले'. मोठ्या काकांचं नाव तिने 'घोडेवाले' ठेवलंय, आत्याचं 'वरच्या घरच्या'. बाबांना ती 'अहो' म्हणते, फारच झालं तर 'पेरिझातचे बाबा'. हे मी जन्मल्यापासून ऐकतेय. पण आमचं आडनाव आजोबांच्या नावावरून आलंय हे कधी मनातच आलं नव्हतं. सागिनबेकोवा म्हणजे शाळेतले सर मला मैदानापलीकडून ज्या नावाने हाक मारतात ते, बस. आईला मात्र त्यात दर वेळी आजोबा उभे दिसतात, टोपीसकट. बँकेत, दवाखान्यात ती काही न बोलता कार्ड पुढे सरकवते. वादविवादाच्या दिवशी शाळेच्या दारात बाईंनी विचारलं, तुम्ही कोणाच्या आई? तेव्हा ही म्हणाली होती, "पेरिझात. उंच. जास्त बोलते." मला वाटलं होतं तिला इंग्रजी सुचत नाहीये.

"आई, आजोबा जगाच्या दुसऱ्या टोकाला आहेत," मी म्हटलं.

"माहितीये."

"त्यांना ऐकू जाणार नाही."

"त्यांना शेजारी बसून पण ऐकू जात नाही. प्रश्न तो नाहीये."

"मग काय आहे प्रश्न?"

"तू नान पालथा ठेवलायस, हा प्रश्न आहे. सुलटा कर आधी."

आमच्याकडे भाकरी पालथी ठेवणं अशुभ, म्हणून मी नान सुलटा केला. मग सरळ आजोबांनाच फोन लावला, कारण वादविवादात मी हेच शिकले होते: अडलं की मूळ माणसाकडे जायचं. पडद्यावर आधी पांढरी टोपी आली, मग बऱ्याच वेळाने खाली आजोबा आले.

"आजोबा! सुनेला तुमचं नाव घ्यायची परवानगी द्या!"

"काय घ्यायची?"

"नाव! पोलीस विचारतात! नाही सांगितलं तर गाडी बंद होईल!"

आजोबांना नीट समजायला तीन वेळा सांगावं लागलं. मग ते इतके मोठ्याने हसले की मागे कुत्रं भुंकलं. "घेऊ दे की, पोरी! घेऊ दे! नाव म्हणजे काय बूट आहे का झिजायला? कुठेय ती? अनारकूल! म्हण आत्ता माझ्यासमोर, मी ऐकतो."

आईने ओढणी कपाळावर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मामंजी, चहा घेतलात का?"

"चहाचं राहू दे. नाव घे."

"गाय व्यायली का?"

"व्यायली. नाव घे."

"आमच्याकडून सगळ्यांना नमस्कार सांगा," असं म्हणून आई बाथरूममध्ये गेली आणि तिने आतून कडी लावली. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मी दिलीय हं परवानगी. तिकडे काही झालं तर माझ्या डोक्यावर नको." मग तळवे उघडून त्यांनी रस्त्यासाठी आशीर्वाद पुटपुटला. मग आजोबांनी आणि मी, आशीर्वाद संपला की करतात तसे, तोंडावरून हात फिरवले, आणि मला खात्री आहे की बाथरूममध्ये आईनेही फिरवले.

ऑक्टोबरात शाळेला जोडून सुट्टी आली. आईला एकटीला पाठवायला बाबांचा जीव होईना, म्हणून मालक या नात्याने त्यांनी मला गाडीत बसायची परवानगी लिहून दिली आणि लंगडत खाली येऊन निरोप दिला. "वाट पांढरी होवो," ते म्हणाले, आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याला म्हणतात तसं. आणि माझ्या कानात, "ती अडली तर तू बोलायचं नाहीस. तुझ्या बोलण्यानेच ती नापास होईल. कळलं?"

"कळलं."

"तुला जमेल?"

"बाबा!"

"मी फक्त विचारलं."

आयोवाभर काही झालं नाही. मका कापून झालेली शेतं, पवनचक्क्या, पुन्हा शेतं. आई गाडी चालवते तेव्हा अगदी वेगळी दिसते. घरात ती सतत काहीतरी पुसत असते, इथे तिचे हात शांत असतात. पायाशी चहाचा थर्मास, दोघींच्या मध्ये कुरुतची पिशवी. कुरुत म्हणजे आमच्याकडचे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, गारगोटीसारखे कडक. मी सराव घेत होते आणि ती उत्तरं देत होती, त्या दोन जागा सोडून. त्या दोन जागांना ती नुसती आरशात बघायची.

नेब्रास्कातल्या एका वजनकाट्यावर आम्हाला आत यायची खूण झाली. काटा ओलांडला की बहुतेक वेळा पुढे जा म्हणतात. आम्हाला बाजूला लावायला सांगितलं.

तपासणीला एक बाई होत्या. रुंद खांद्याच्या, वाऱ्याने गाल लाल झालेल्या, छातीवरच्या पट्टीवर नाव लुंड. त्यांनी आईचे कागद घेतले, माझा परवानगीचा कागद पाहिला आणि मला म्हणाल्या, "मी यांच्याशी बोलणार आहे. तू मध्ये एक शब्दही बोलायचा नाहीस. खूणसुद्धा नाही. जमेल?"

सगळ्यांना हाच प्रश्न का पडतो कोण जाणे. मी मान हलवली आणि पिशवीतला सगळ्यात मोठा कुरुत काढून तोंडात टाकला. तो तोंडात असला की माणूस इच्छा असली तरी बोलू शकत नाही.

"कुठून येताय?"

"शिकागो."

"आज गाडी कधी सुरू केली?"

"सकाळ. सहा. मध्ये थांबले, चहा."

"काय आहे आत?"

"दही. छोटे डबे. थंड. मशीन बघितलं मी, बरोबर थंड."

इथवर मी मनात टाळ्या वाजवत होते. लुंडबाईंनी लायसनकडे पाहिलं. "तुमचं नाव सांगा."

"अनारकूल."

"पूर्ण."

आईने बोटाने लायसन दाखवलं.

"हो, मला वाचता येतं. तुम्ही सांगा."

आईने पुन्हा लायसनकडेच बोट केलं. माझ्या तोंडात कुरुत गालावरून गालावर फिरत होता.

"बरं. कोणत्या कंपनीची गाडी चालवता?"

आईने दाराकडे पाहिलं. अक्षरं तिच्या कोपराच्या खालीच होती. ती स्टिअरिंगकडे बघायला लागली. मला आतून ओरडायचं होतं, आई, आजोबांनी परवानगी दिलीय, घे ना! तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. तिने खरंच प्रयत्न केला. ओठ उघडले, 'सा' इतकाच श्वास बाहेर आला आणि ओठ मिटले.

लुंडबाईंचा चेहरा रागीट नव्हता, त्याहून वाईट होता. दया आल्यासारखा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तुम्हाला प्रश्न समजला नाही का?"

"समजला."

"मग?"

पेन कागदावर टेकलं. मला जिरगाल बाइके दिसले, हातात प्लॅस्टिकचं बंडल घेऊन, आणि त्यांच्या शेजारी आई.

"प्रश्न समजला," आई पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने, आणि सीटवर पूर्ण वळून बसली. "लिहू नका. ऐका. नाव मला माहीत. नाव दारावर, नाव लायसनवर. मी नाव नाही घेत. नाव माझ्या नवऱ्याच्या वडिलांचं. आमच्यात सून घेत नाही."

लुंडबाईंचं पेन थांबलं. "ते वारलेत का?"

"नाही नाही! जिवंत! घोडा आहे. खूप जेवतात."

"मग त्यांना इथे कसं कळेल?"

"हेच सगळे विचारतात." आईने माझ्याकडे अंगठा केला. "ही पण. तुम्हाला वेळ आहे?"

लुंडबाईंनी मागे पाहिलं. रांगेत कोणी नव्हतं. "थोडा आहे."

"मी नवी सून. नवरा रशियात, कामाला. दारात ट्रक. जुना, रशियन, तोंड निळं. चालवायला कोण? मामंजी म्हणाले, तू शिक. गाव हसलं. बायका म्हणाल्या, आता सून ट्रकवर, म्हातारा चुलीवर. मामंजी म्हणाले, बरं, मी चहा चांगला करतो."

लुंडबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"उन्हाळा आम्ही वर राहतो. डोंगर. गवत, मेंढ्या. थंडी आली की खाली. तंबू, पेट्या, सासूबाई, कोंबड्या, सगळं ट्रकमध्ये. रस्ता असा, असा, असा." तिचा हात हवेत वळणं घेत खाली आला. "त्या वर्षी मामंजी घोड्यावरून पडले. हात मोडला. दीर म्हणाले, मी चालवतो. मामंजी म्हणाले, नाही, ती चालवेल. आणि माझ्या बाजूला बसले. टोपी डोळ्यांवर. झोपले."

"झोपले?"

"झोपले! एका बाजूला दगड, एका बाजूला काही नाही. आणि ते झोपले. मला दाखवायला. की मला भीती नाही, तू चालव." आईला पुढचा शब्द सापडत नव्हता, तिने छातीवर हात ठेवला आणि शब्द शोधायचं सोडून दिलं. "म्हणून मी नाव नाही घेत. नियम म्हणून नाही फक्त."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मला वाटायचं आईला ट्रक बाबांनी शिकवला, इथे, एका मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये.

"उतारावर ब्रेक कसा वापरला?" लुंडबाईंनी विचारलं, आणि मला कळेना हा तपासणीतला प्रश्न आहे की त्यांना खरंच जाणून घ्यायचंय.

"ब्रेक नाही. ब्रेक जळतो, वास येतो, मग ब्रेक नाहीच. वरूनच छोटा गिअर. हळू. इंजिन धरतं गाडी. ब्रेक थोडा, सोडा, थोडा, सोडा."

लुंडबाईंनी फाइल उघडली, त्यात पाट्यांची चित्रं होती. त्यांनी एक वर धरलं: तिरकी रेघ आणि तिच्यावरून उतरणारा ट्रक. "ही पाटी?"

आई हसली. "बाई, हीच तर मघापासून सांगतेय."

आणखी चार-पाच पाट्या झाल्या. आई धडाधड सांगत गेली, एकदा तर चित्र पूर्ण वर यायच्या आधीच. मग लुंडबाई गाडीभोवती फिरल्या, टायर पाहिले, दिवे पाहिले आणि खिडकीशी परत येऊन कागद भरायला लागल्या. वरच्या ओळीशी त्या अडल्या.

"बरोबर म्हणतेय का बघा. सेजिन... सॅगाय... बेकोव्हा?"

आईचा चेहरा असा कळवळला की जणू कोणी आजोबांच्या पायावर पाय दिला. पण दुरुस्त तरी कशी करणार? तिने माझ्याकडे पाहिलं. लुंडबाईंनीही पाहिलं.

"आता बोल तू," त्या म्हणाल्या.

मी कुरुत हातावर काढला. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बोलणं एका शब्दात मावणार नव्हतं, तरी मी ते कोंबलं. "सागिनबेकोवा!" पलीकडच्या रांगेतल्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सागिनबेकोवा," लुंडबाई हळू म्हणाल्या. या वेळी बरोबर होतं. त्यांनी कागद आईच्या हातात दिला. "झालं. जा तुम्ही. पुढे वारा जोराचा आहे, ट्रेलर सांभाळा." आणि दारावर तळहाताने दोनदा थोपटलं, अगदी नावावर.

आम्ही महामार्गाला लागलो. गिअर वर गेला, गाडी लयीत आली, तेव्हा मी म्हटलं, "ट्रकचं मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? तू फक्त पोलिसाचे प्रश्न विचारतेस."

मी कुरुत पुन्हा तोंडात टाकला.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "दोन डोंगरांच्या मधून रस्ता वर चढतो आणि पलीकडे उतरतो, त्या जागेला इंग्रजीत काय म्हणतात? खिंडीला?"

मी सांगितलं. तिने तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. "रस्ता असा-असा म्हणताना हाच अडला मला. त्या बाईंना कळलंच नसेल आम्ही किती उंचावर होतो. पुढच्या वेळी नीट सांगेन."

संध्याकाळी डिझेल भरायला थांबलो तेव्हा मी आजोबांना फोन लावला. तिकडे पहाट झाली होती, ते गाईपाशी होते. मी सगळं सांगितलं, सुटलो म्हणून सांगितलं.

"मग? घेतलं का तिने नाव?"

"नाही."

"नाही?" आजोबांनी टोपी मागे सारली. "मग इतके दिवस काय इंग्रजी शिकवलंस तू तिला!" पण हसू दाबताना त्यांचे डोळे असे बारीक झाले होते की त्यांच्या हातातून फोन पडतो की काय असं मला वाटलं.

"आजोबा, एक विचारू? त्या वेळी खिंडीत तुम्ही खरंच झोपला होतात, की नाटक?"

आजोबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, आई जवळपास आहे का म्हणून. आई पंपाजवळ उभी होती, पण तिचे कान आमच्याकडेच होते.

"कसली झोप!" ते कुजबुजले, म्हणजे त्यांना कुजबुजल्यासारखं वाटलं. "टोपीखाली बापाचं, आजाचं, पणजाचं, सात पिढ्यांचं नाव घेत होतो. खाली पोचेपर्यंत चाळीस वेळा तरी झालं असेल."

पंपाची नळी हातात धरून आई इतकी हसली की थोडं डिझेल बाहेर सांडलं. मग तिने फडकं घेतलं, आधी टाकी पुसली आणि नंतर, काही कारण नसताना, दारावरची अक्षरं पुसली.